मशीननं काढलेलं नाव

"हात सैल सोड रे राजा. दंड आहे का जात्याचा खुंटा?"

भागिरथीबाईंनी फीत पुन्हा एकदा पोराच्या दंडाभोवती लपेटली. फीत वळीत जाऊन बसायची आणि आकडा दिसायचा नाही. पाऊस नाही, पेरणी नाही, विहिरींचे तळ उघडे पडलेले, निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत बसलेलं. आणि अशा सालात हे दीड वर्षाचं कानिफनाथ नावाचं पोरगं बाळसं धरून बसलं होतं. आजूबाजूची पोरं बाभळीला बांधलेल्या झोळ्यांतून किरकिरत होती. हे आपलं फीत तोंडात घालायला बघत होतं.

त्याची आई राहीबाई हातोडा टाकून, पदराला हात पुसत आली. "बाई, माप घ्या, पर दृष्ट लावू नका. दोन गेल्यावर ह्यो ऱ्हायलाय. मढीच्या नाथाला नवस बोलले हुते तवा."

"माझी नजर सरकारी आहे. ती कुणाला लागत नाही," असं म्हणून भागिरथीबाईंनी कार्डावर आकडा लिहिला.

भागिरथीबाई भिंगारदिवे म्हणजे धामणवाडीच्या नर्सबाई. चाळिशी उलटलेल्या, विधवा, भिंगारच्या. उपकेंद्राच्या दोन खोल्यांतल्या एकीत राहायच्या आणि दुसरीत सुया उकळायच्या. गावातली आताची निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. कुठल्याही घरी गेल्या की लोक "या बाई" म्हणायचे, पण "आत या" असं कुणी म्हणायचं नाही. बाळंतपणाच्या वेळी मात्र थेट आतल्या खोलीत. मूल बाहेर आलं की त्याही बाहेर. छप्पन साली त्या वडिलांबरोबर नागपूरला जाऊन आल्या, घरातले देव नदीत सोडले, नवा धर्म घेतला. गावाला हे माहीत होतं. गावाच्या मते त्यानं काही फरक पडला नव्हता.

हे कार्डांचं काम सरकारी नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं तालुक्यातल्या नर्सांवर घातलेली ही जास्तीची कामगिरी होती. प्रत्येक लहान पोराचं दर महिन्याला वजन घ्यायचं, दंड मोजायचा, हगवण किती वेळा, पाणी कुठल्या विहिरीचं, आईची आधीची किती गेली, सगळं विचारून लिहायचं. कार्डं जीपनं मुंबईला जायची. तिथं मुली बसून त्यांच्यावरून दुसऱ्या कार्डांना भोकं पाडायच्या आणि ती भोकं एक कॉम्प्युटर नावाचं यंत्र वाचायचं.

मुंबईच्या डॉक्टरांनी पाथर्डीला सगळ्या नर्सांना बोलावून हे समजावून सांगितलं होतं. माणूस चांगला होता. तरुण, चष्मेवाला, चहा स्वतः ओतून देणारा.

"आम्ही यंत्राला नियम दिलेला नाही," ते म्हणाले होते. "गेल्या काही वर्षांत कुठली मुलं दगावली आणि कुठली राहिली, एवढंच दाखवलं. त्यावरून ते स्वतःच शिकलं. आता नवीन मुलाचं कार्ड घातलं, की हे मूल वर्ष काढेल का नाही, ते सांगतं. त्यानं नाव काढलं की आपण त्या मुलाला जादा दूध द्यायचं. मरणाच्या आधी आपण पोचायचं."

"पण ते बघतं काय, साहेब?" भागिरथीबाईंनी विचारलं होतं. "डोळे बघतं का पोट?"

डॉक्टर हसले. "ते आम्हालाही धड सांगता येत नाही. पुष्कळ गोष्टी एकमेकींत गुंतवून बघतं. पण कसलेला डॉक्टर जी नावं काढेल, त्याच्यापेक्षा याची नावं बरोबर निघतात."

त्या यंत्राला गार खोली लागते, धूळ चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं. परतीच्या एस्टीत भागिरथीबाईंच्या मनात आलं, की धूळ न चालणारं हे यंत्र धुळीत वाढणाऱ्या पोरांचं पुढचं सांगणार. मग त्यांनी तो विचार झटकला. एवढी शिकलेली माणसं वेडी असतील का? शिवाय यंत्र जात विचारत नव्हतं. कार्डावर तो रकानाच नव्हता. हे त्यांना फार आवडलं होतं.

दिवाळीच्या आधी शेजारच्या बोरवाडीची दोन नावं आली. त्यातलं एक गोवरानं गेलं. दुसरं रात्री निजलं ते सकाळी उठलं नाही. तेव्हापासून बाया कार्डाकडे पाहून जरा गप्प व्हायला लागल्या होत्या.

आणि आता, त्या खडीच्या माळावर, जीप आली.

जीपचा ड्रायव्हर मच्छिंद्र हा मनानं वाईट नव्हता, पण तोंडाला दार नव्हतं. त्यानं दुधाच्या भुकटीची पोती उतरवली, कागद काढला आणि साऱ्या खडीवाल्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "नर्सबाई, तुमच्या गावचं येकच हाय बरं का ह्या बारीला! कानिफनाथ कारभारी!"

हातोडे थांबले.

"मशीननं काढलं?" कुणीतरी विचारलं.

"मग काय मी काढलं? मुंबईच्या मशीननं काढलं. त्ये चुकत न्हाई. बोरवाडीचं काय झालं म्हाईत हाय ना?"

"मच्छिंद्र, गप बस!" भागिरथीबाईंनी कागद हिसकावून घेतला. "जादा दूध मिळणार आहे त्याला. दुधाचा कागद आहे हा."

पण राहीबाईनं पोर त्यांच्या मांडीवरून उचललंही होतं. पदराखाली घेऊन ती माळावरून गावाकडे निघाली. त्या दिवशीची तिची मजुरी बुडाली.

*

संध्याकाळी भागिरथीबाई भुकटीचा डबा घेऊन कारभारीच्या घरी गेल्या. कारभारी म्हणजे राहीबाईचा नवरा, तो पाण्याच्या टँकरमागे गेला होता. ओसरीवर त्याची आई छबूबाई शेळीची धार काढत बसली होती. घरात तेवढी एकच शेळी उरली होती. राहीबाईच्या जावेचा पोरगा वाटी घेऊन आजीच्या खांद्याशी उभा होता. छबूबाईनं धार काढली आणि सगळंच्या सगळं दूध त्याच्या वाटीत ओतलं.

"आजी, कानिफला?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"त्याला तुज्या मशीनचं दूध हाय की."

"ते पाजा, पण हेही द्या. अर्धं अर्धं."

छबूबाईनं वर पाहिलं नाही. "दोन नातवंडं म्या ह्या हातानं पुरली, नर्सबाई. त्यांच्यावर लई जीव लावला. आता न्हाई लावायचा. जे ऱ्हानार हाय त्याला घालावं. जे जानार..." आणि तिनं शेळीचं दावं सोडलं.

राहीबाई दारात येऊन उभी राहिली. पोर कडेवर होतं. तिनं भुकटीच्या डब्याला हात लावला नाही.

"ते दूध न्हाई पाजायची म्या," ती म्हणाली. "कानिफनाथाच्या नावानं आलंय ते. ते घेतलं म्हंजी मरनाच्या हाकेला व्हय म्हनल्यासारखं."

"वेडी आहेस का? दूध आहे ते. ज्याला द्यावं त्याच्या पोटात जातं."

"मग तुमीच सांगा, त्याला झालंय काय? ताप हाय? हगवन हाय? तुमी बारा वर्सं पोरं बगताय. ह्याच्यात काय दिसतंय का तुमाला?"

भागिरथीबाईंनी पोराकडे पाहिलं. पोरानं त्यांच्याकडे पाहून हात पसरले. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

राहीबाई अंगणापर्यंत त्यांच्यामागे आली. आवाज खाली केला. "बाई, येक विलाज हाय. आमच्यात करत्यात. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठिवायचं. कुनीतरी उचलायचं. मग मूठभर बाजरी दिऊन म्या इकत घ्यायचं. म्हंजी ते माझं ऱ्हात न्हाई. नाव बी बदलायचं. ज्याचं नाव निघालं ते पोर घरातच न्हाई, मग मशीन नेतंय कुनाला?"

"कुणीतरी म्हणजे कुणी?"

राहीबाईनं मान खाली घातली.

"सांग की."

"तुमच्यातली लागती, बाई. आपलं... मरान तिकडं बगत न्हाई म्हन्त्यात."

भागिरथीबाईंनी डबा ओसरीच्या कडेला ठेवला आणि चालू लागल्या. घरी येऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्यांच्या आईनं असं एक पोर उचललं होतं, भिंगारच्या एका मोठ्या घरचं. बदल्यात एक जुनेर लुगडं मिळालं होतं. पोर जगलं, दांडगं झालं, त्याला मिशा फुटल्या. आणि आई रस्त्यात दिसली की ते दुसऱ्या अंगानं जायचं. आईला त्याचं काही वाटायचं नाही. "जगलं ना?" म्हणायची. मुलीला मात्र अजून वाटत होतं.

*

पुढच्या मापाला फीत दंडावर सहज फिरली.

त्याच्या पुढच्या मापाला कानिफनाथला हगवण लागलेली होती. राहीबाईचं अंगावरचं दूध खडीच्या कामानं आटलं होतं. शेळीचं दूध त्याला मिळत नव्हतं. भुकटीचा डबा भागिरथीबाईंनी ठेवला होता तिथंच होता, वर धूळ बसलेली. सरकारी सुकडीचं पीठ वाटायच्या रांगेतसुद्धा बाया राहीबाईला पुढे-मागे जागा सोडून उभ्या राहायच्या. मरण अंगाला चिकटतं असं थोडंच आहे, पण कशाला?

भागिरथीबाईंनी सुकडी स्वतः कालवून त्याला भरवायचा प्रयत्न केला. दोन घास घेऊन पोरानं मान फिरवली. आता ते हात पसरत नव्हतं.

भागिरथीबाई एस्टी धरून पाथर्डीला गेल्या. मुंबईचे डॉक्टर डाकबंगल्यावर उतरले होते. सगळं ऐकताना त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. कार्ड पाहिलं, आणि त्यांचा चेहरा दोन तऱ्हांचा झाला. वाईट वाटलेलं दिसत होतं आणि डोळ्यांत एक चमकही होती.

"वजन आत्ता उतरलंय," ते हळू म्हणाले. "आणि यंत्रानं नाव काढलं तेव्हा काहीच नव्हतं. म्हणजे त्याला हे आधी दिसलं, बाई."

"दिसलं नाही, साहेब. त्यानं सांगितलं आणि घरानं ऐकलं."

डॉक्टरांनी यावर विचार केला. खरंच केला. मग मान हलवली. "असं असतं तर एखाददुसरं नाव तरी चुकलं असतं. पण तुम्ही त्याला इथं दवाखान्यात आणा. मी स्वतः बघतो."

"आई आणणार नाही. मशीनच्या माणसाकडे पोर द्यायचं म्हणजे तिच्या लेखी संपलंच. तुम्ही त्याचं नाव काढून टाका ना कागदावरून. मी गावात सांगते, मशीनची चूक झाली."

"चूक झाली असं कसं सांगणार? आणि एकदा नाव आलं की काढायची सोय नाही. गाव सोडलं तर पुढच्या गावची नर्स शोधून काढते. बेलापूरला ऊस तोडायला गेलेल्यांचीही कार्डं चालू आहेत. वर्ष पुरं होईस्तोवर कार्ड चालतं, नाहीतर..." पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

"नाहीतर मेल्यावर बंद होतं," भागिरथीबाई म्हणाल्या.

एस्टीला गर्दी होती. त्या उभ्यानंच धामणवाडीपर्यंत आल्या आणि उपकेंद्राकडे न जाता सरळ कारभारीच्या घरी गेल्या.

कानिफनाथ ओसरीत गोधडीवर पडला होता. डोळे आत गेलेले. राहीबाई त्याच्या ओठांना ओलं बोट लावत होती. कारभारी खांबाला टेकून बसलेला. गरीब स्वभावाचा माणूस, तो जमिनीकडे बघत होता. त्यानं कुदळ आणून दाराशी ठेवली होती. ती कशाला ते कुणी विचारलं नव्हतं.

"राहीबाई, ऊठ," भागिरथीबाई म्हणाल्या. "तू म्हणालीस ते करू."

राहीबाई ताडकन उठली. "सूप आनते. उकिरड्यावर—"

"उकिरड्यावरचं मी काही उचलणार नाही. माझ्या आईनं लई उचललं. हातात देणार असशील तर घेते."

"पर रीत—"

"रीत माझ्यासाठी आहे ना? मग ती मला चालेल तशी कर." त्यांनी पदर कमरेला खोचला. "आणि नीट ऐक. बाजरी-बिजरी घेऊन परत देणार नाही. एकदा घेतलं की पोर माझं. तुझ्याकडे सांभाळायला ठेवीन. तू त्याची दाई. पण भरवणार मी. रोज दोन्ही वेळा."

छबूबाई चुलीपासून उठून दारात आली होती. "कुटं बसून भरवनार?"

"आत. चुलीजवळ. पोर माझं, आणि मी ओसरीवर कशी बसू, आजी?"

शेळी तेवढी ओरडली. मग राहीबाईनं पोर उचललं आणि सरळ भागिरथीबाईंच्या हातांत दिलं. त्याला वजनच नव्हतं. भागिरथीबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. छबूबाई बाजूला झाली. जरा वेळानं तिनं पाट पुढे सरकवला. पायानं सरकवला, पण सरकवला.

"भांडं द्या. पाणी उकळून गार करायचंय. गूळ आणि मीठ. आणि धारेचं दूध निघालं की त्यातलं अर्धं माझ्या पोराला."

"तुज्या पोराला," छबूबाई पुटपुटली, जणू शब्दाची चव बघत होती. "आन् नाव काय ठिवनार?"

"मिलिंद."

"मिलिंद?" छबूबाईनं भुवया वर केल्या. "ह्ये तर बामनाचं नाव."

"तसंच समजा," भागिरथीबाई म्हणाल्या, आणि चमच्यानं पहिला घोट पोराच्या ओठांत सोडला.

त्यांनी त्या घरात चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, रात्रही तिथंच काढली. छबूबाई समोर बसून होती. पहाटे पोरानं लघवी केली तेव्हा तीच आधी ओरडली, "मुतलं! अगं राहे, मुतलं!" आणि सकाळच्या धारेचं दूध तिनं दोन वाट्यांत ओतलं. दोन्ही वाट्या डोळ्यांसमोर धरून सारख्या केल्या. जे पोर जाणार होतं ते गेलं होतं. हे दुसरं होतं. याच्यावर जीव लावायला हरकत नव्हती.

उपकेंद्रात परत आल्यावर भागिरथीबाईंनी कानिफनाथचं कार्ड काढलं. बारा वर्षांत त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. बाकीच्या नर्सा चार घरी न जाताच कार्डं भरायच्या, त्यांना या हसायच्या. त्यांनी कार्डावर 'मृत' लिहिलं. कारण: हगवण. खाली सही केली.

*

पाऊस झाला. खडीची कामं उठली. पोळा होऊन गेला. मिलिंदचं जावळ काढलं होतं, डोकं तुळतुळीत, दंडाला पुन्हा वळ्या पडल्या होत्या. राहीबाई खुरपायला जाताना त्याला उपकेंद्रात सोडून जायची. "तुमचं पोर सांभाळा, बाई, म्या काय फुकट राबू का?" असं म्हणायची आणि दोघी हसायच्या. जीपचा आवाज आला की मात्र पोर आतल्या खोलीत जायचं.

त्या दिवशी जीप पांदीच्या आडवाटेनं आली आणि आवाज ऐकू येईपर्यंत डॉक्टर पायरीवर होते. मिलिंद भागिरथीबाईंच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत होता.

"अरे वा, हा कुणाचा?"

"माझा," भागिरथीबाई म्हणाल्या.

"नातू?"

"माझाच आहे."

डॉक्टरांनी सवयीनं खिशातून फीत काढून पोराच्या दंडाला लावली. "काय तब्येत ठेवलीय! याला यंत्र हातसुद्धा लावणार नाही." आणि ते बाकावर बसले. खूश होते. प्रवासानं धुळकटलेले, पण खूश.

"बाई, तुम्हाला मुद्दाम सांगायला आलो. वर्षाचा हिशेब झाला. तालुक्यात यंत्रानं काढलेलं एकही नाव चुकलं नाही. आणि तुमच्या गावचा तो मुलगा, कानिफनाथ..."

मिलिंदनं नावासरशी मान वळवली. भागिरथीबाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं.

"...त्या एका कार्डावर आमची अख्खी बैठक झाली. वजन उत्तम, दंड उत्तम, दोन भावंडं गेलेली तेवढी. असली घरं तर शेकड्यांनी आहेत. कुठलाही डॉक्टर म्हणाला असता, ठणठणीत आहे. पण यंत्रानं ओळखलं. आता ते कार्ड यंत्राला पुन्हा शिकवलंय. त्यावरून ते पुढचं शिकलं."

"काय शिकलं?"

"वरून धडधाकट दिसणारी मुलंही ओळखायला. आता आणखी जिल्ह्यांत काम सुरू होतंय."

बाहेर मच्छिंद्र पोती उतरवत होता. या वेळी पोती बरीच होती. डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढून बाकावर ठेवले. एक नव्हता, जुडगाच होता. भागिरथीबाईंनी वरचा कागद पाहिला. सगळी ओळखीची पोरं. गुबगुबीत, रांगती, फीत तोंडात घालणारी. प्रत्येकाचा आकडा त्यांनीच लिहिलेला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "कानिफनाथ मेलेला नाही."

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले.

"हाच तो. मी खोटं लिहिलं. आई दूध घेत नव्हती, घर दूध देत नव्हतं. कार्ड बंद केल्याशिवाय पोर जगलं नसतं."

डॉक्टरांनी पोराकडे बघितलं. हातातल्या फितीकडे बघितलं. मिलिंदनं भाकरीचा चघळलेला तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"बोरवाडीची दोन?" त्यांनी विचारलं. आवाज बदललेला होता. "तीही अशीच?"

"ती खरंच गेली. मी पाहिलीत. नाव निघालं म्हणून गेली का जाणारच होती, ते मला सांगता येणार नाही."

"तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतंय का, बाई?"

"कळतंय. म्हणून सांगितलं. आता यंत्राला सांगा, हे शिकलंस ते विसर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "विसरायला लावणं म्हणजे... सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर अहवाल गेलाय. यंत्रावरचा वेळ मोजून मिळतो." ते उठले, पायरीपर्यंत गेले, परत फिरले. "मी प्रयत्न करीन. पण तोवर तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. आणि ही नावं गावात वाचू नका. दूध तेवढं वाटा."

"वाचायचं कशाला?" भागिरथीबाई म्हणाल्या.

फाटकाबाहेर मच्छिंद्र पोत्यावर बसून विडी ओढत, जीपमध्ये वाचलेली नावं सांगत होता. त्याच्याभोवती पाण्याला निघालेल्या चार बाया हंडे टेकवून उभ्या होत्या. त्यातली एक हंडा तिथंच टाकून पळत सुटली.

*

सकाळी झाडलोट करायला भागिरथीबाईंनी दार उघडलं तेव्हा अंगणात बाया होत्या.

धामणवाडीच्या होत्या, बोरवाडीच्या होत्या, ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती अशा लांबच्या वस्त्यांवरच्या होत्या. पाटलांची सून मुक्ताबाई होती. तिच्या घरी पाणी मागितलं तर ते लांबून ओंजळीत पडायचं. प्रत्येकीच्या कडेवर पोर. एवढी पोरं असूनही रडण्याचा आवाज नव्हता. ती खाऊनपिऊन आलेली, भरल्या गालांची पोरं होती आणि सकाळच्या उन्हात डोळे मिचकावत होती.

मुक्ताबाई पुढे झाली.

"बाई, राहीचं घेतलं तसं आमचं बी घ्या."

"तुम्ही नेमाने दूध पाजा. त्यांना काही झालेलं नाही," भागिरथीबाई म्हणाल्या. "मी सांगते. काहीही झालेलं नाही."

"तुमी सांगताय," मुक्ताबाई म्हणाली. "पर सासू काल रात्रीपास्नं त्याला मांडीवर घीत न्हाई."

मागे एकीनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

भागिरथीबाईंना सगळं दिसत होतं. एक पोर घेतलं तर एक कार्ड बंद. इतकी घेतली तर इतकी कार्डं बंद होतील, मुंबईच्या त्या गार खोलीत जातील, आणि यंत्र आणखी शिकेल. पुढच्या वर्षीचा कागद कुठल्या कुठल्या गावांत जाईल, तिथं कुणी नर्स असेल का, ती काय करील, हे त्यांना कळत नव्हतं. नाही घेतली तर आज संध्याकाळपासूनच धारेचं दूध दुसऱ्या वाटीत पडणार होतं.

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. हात धुतले, नखांपर्यंत, बाळंतपणाच्या आधी धुवायच्या तसे. मग उंबऱ्यावर बसून स्टार्च केलेल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी गुडघ्यांवर पसरला.

मुक्ताबाईनं वाकून पोर ठेवलं. ते चांगलं जड होतं.

"नाव काय ठेवू?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"तुमी ठिवाल ते," मुक्ताबाई म्हणाली, आणि मागच्या बाया एकेक पाऊल पुढे सरकल्या.